ग्रेटफुल डेडची वॉल ऑफ साउंड, १९७४: शेवटच्या माणसाला शब्द कळावा म्हणून उभी केलेली भिंत

स्पीकरची भिंत म्हटलं की आपल्याकडे डोळ्यासमोर येते ती विसर्जन मिरवणुकीतली डॉल्बीची भिंत. खोक्यावर खोकी चढवलेली, समोर उभं राहिलं की छातीत धडधड, आणि जरा बाजूच्या गल्लीत गेलं की नुसता घुमारा, गाणं कुठलं लागलंय तेही धड कळत नाही. त्या भिंतीचं कामच मोठा आवाज करणं, त्यामुळे तिच्याकडून बाकी अपेक्षा नसतेच. पण अमेरिकेत १९७४ साली एक भिंत उभी राहिली, सहाशेच्या आसपास स्पीकरची, आणि तिचा उद्देश अगदी उलटा होता. आवाज स्वच्छ पाहिजे, स्टेजवरच्याला आणि शेवटच्या रांगेतल्याला एकच गोष्ट ऐकू आली पाहिजे, बास. ग्रेटफुल डेड या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडची ही वॉल ऑफ साउंड. ती धड एक वर्षसुद्धा चालली नाही, पण मैदानात किंवा मोठ्या हॉलमध्ये साउंड लावणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण एकदा नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण कव्हरेजचे, म्हणजे आवाज सगळ्या श्रोत्यांपर्यंत सारखा पोचवण्याचे, जेवढे म्हणून प्रश्न आहेत ते सगळे यात एकाच ठिकाणी भेटतात आणि त्यातले काही तर इतक्या सरळ मार्गाने सोडवलेत की आजही वापरता येतील.

अडचण नेमकी काय होती

साठच्या दशकात हा बँड फिलमोरसारख्या बॉलरूममध्ये वाजवायचा, तिथे गर्दी मर्यादित. पुढे लोक वाढले, बास्केटबॉलची इनडोअर स्टेडियमं आली, मग उघडी मैदानं. सामान मात्र जुन्याच पद्धतीचं. गिटारवाल्यांचे ॲम्प त्यांच्या मागे, आणि गाण्याचा आवाज स्टेजच्या दोन बाजूला ठेवलेल्या पीएमधून, म्हणजे पब्लिकसाठीच्या स्पीकरमधून. मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यांकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर, तेव्हा बाल्यावस्थेत होते, त्यामुळे वाजवणाऱ्यांना पब्लिक काय ऐकतंय याचा पत्ताच नसायचा, गिटारवाला आपल्या ॲम्पचा व्हॉल्यूम वाढवणार, मग गाणारा ऐकू येत नाही म्हणून पीए वाढवणार, मग माईक शिट्टी मारणार, हे चक्र आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात काम केलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही.

आता यात तीन वेगवेगळे दोष एकमेकांत गुंतलेले आहेत, ते सुटे करून बघू.

पहिला दोष अंतराचा. साधा स्पीकर बॉक्स असेल तर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. पहिली रांग ५ मीटरवर आणि शेवटची ८० मीटरवर असेल तर ५ चे १०, १० चे २०, २० चे ४०, ४० चे ८०, म्हणजे चार वेळा दुप्पट, म्हणजे २४ डेसिबलचा फरक. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, तेव्हा २४ म्हणजे किती ते बघा. मागच्याला नीट ऐकवायचं म्हटलं की पुढच्याचे कान फाटणार, आणि पुढच्याला सोसेल इतकंच ठेवलं की मागचा माणूस शेजाऱ्याशी गप्पा मारायला लागणार.

दुसरा दोष, एकच आवाज दोन ठिकाणांहून येण्याचा. डावीकडच्या आणि उजवीकडच्या दोन्ही थप्प्यांतून तोच गाणारा ऐकू येतोय, आणि तुम्ही मधोमध न बसता एका बाजूला बसलात, इतकं की एक थप्पी दुसरीपेक्षा ३.४ मीटर लांब पडते. ध्वनीला तेवढं अंतर कापायला १० मिलिसेकंद लागतात. १० मिलिसेकंद उशिरा आलेला तोच आवाज पहिल्यात मिसळला की ५० हर्ट्झला एक खड्डा पडतो (म्हणजे तो स्वर जवळपास गायब होतो), मग १५०, २५०, ३५०, असे दर १०० हर्ट्झवर खड्डे वरपर्यंत. चार खुर्च्या सरकलात की खड्ड्यांची जागा बदलते. म्हणून एकाच रांगेत एकाला आवाज पोकळ लागतो आणि दुसऱ्याला बरा लागतो, आणि मिक्सरवरचा माणूस मधोमध बसलेला असल्यामुळे त्याला यातलं काहीच कळत नाही. इक्वलायझर फिरवून हे खड्डे बुजत नाहीत, कारण ते सिग्नलमध्ये नाहीतच, ते हवेत तयार झालेत.

तिसरा दोष स्पीकरच्या आतला, आणि ग्रेटफुल डेडच्या लोकांनी सगळ्यात जास्त डोकं याच्यावरच लावलं. एकाच स्पीकरच्या कागदाला बेस गिटारही हलवायची आहे आणि गाणाऱ्याचा आवाजही. कागद ८० हर्ट्झला मोठे हेलकावे खातोय आणि त्याच्या पाठीवर बसून १००० हर्ट्झचा स्वर जातोय. स्पीकर काही शंभर टक्के सरळ वागणारं यंत्र नाही, जोर लावला की या दोन्हींचं आपसात मिश्रण होऊन ९२० आणि १०८० हर्ट्झला नवीन स्वर जन्माला येतात जे कुणी वाजवलेलेच नाहीत. याला इंटरमॉड्युलेशन डिस्टॉर्शन म्हणतात. एका स्वराचं हे झालं, अख्खा बँड एका खोक्यात कोंबला तर असे अनौरस स्वर किती तयार होत असतील विचार करा, त्यांचा मिळून एक मळकट थर बसतो आणि शब्द त्याच्या खाली जातात. लोक म्हणतात आवाज कमी आहे, वाढवा. वाढवला की थर आणखी जाड.

एक उत्तर वॉटकिन्स ग्लेनला मिळालं होतं

भिंतीकडे जायच्या आधी थोडं १९७३ कडे वळतो, कारण त्याशिवाय तुलना होत नाही. २८ जुलै १९७३ ला न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनच्या मोटार रेसच्या ट्रॅकवर ग्रेटफुल डेड, ऑलमन ब्रदर्स आणि द बँड अशा तिघांचा एकत्र कार्यक्रम झाला आणि लोक आले अंदाजे सहा लाख. एवढ्या लोकांना स्टेजवरून ऐकवणं अशक्यच. तिथे कार्यक्रम भरवणाऱ्या बिल ग्रॅहमच्या एफएम प्रॉडक्शन्स कंपनीने मैदानात मध्ये मध्ये स्पीकरचे टॉवर उभे केले आणि त्यांना जाणारा सिग्नल इव्हेंटाइडच्या डिजिटल डिले यंत्रातून मुद्दाम उशिरा सोडला, २०० फुटांवरच्या टॉवरला १७५ मिलिसेकंद, ४०० फुटांना ३५०, ६०० फुटांना ५२५. स्टेजचा आवाज हवेतून चालत तिथपर्यंत पोचतो त्याच वेळी टॉवरही बोलायला लागतो, म्हणून प्रतिध्वनीसारखं दोनदा ऐकू येत नाही. आज मिक्सरमध्ये बोट लावलं की डिले मिळतो, तेव्हा एकेका यंत्रात हजार-हजार बिटच्या शंभर चिप लागायच्या.

हे उत्तर चांगलंच आहे आणि आजही प्रत्येक मोठ्या मैदानात तेच वापरतात. पण ते अंतराचं उत्तर आहे. स्टेजच्या स्पीकरमध्ये जो मळकट थर तयार होतो तो टॉवरमधूनही तसाच मळकट बाहेर येणार, फक्त वेळेवर येणार.

भिंत कशी बनली

बँडचा जुना साउंडवाला ऑस्ली स्टॅन्ली, सगळे त्याला बेअर म्हणायचे, एलएसडी बनवण्याच्या गुन्ह्यात तुरुंगात होता, तो १९७२ मध्ये सुटून आला. माणूस वादग्रस्त, पण आवाजाच्या बाबतीत त्याला तडजोड अजिबात खपायची नाही. तो, बँडचे डॅन हीली आणि मार्क रेझीन, आणि अलेम्बिक या कंपनीचे रॉन विकरशॅम, रिक टर्नर, जॉन कर्ल अशी ही टोळी. यातला टर्नर गिटार बनवणारा कारागीर आणि विकरशॅम आणि कर्ल इलेक्ट्रॉनिक्सवाले, म्हणजे तारेपासून स्पीकरपर्यंतची सगळी साखळी एका टेबलावर बसलेली, आणि मला वाटतं यशाचं अर्धं कारण तेच, कारण आपल्याकडे वादक वेगळा, माईकवाला वेगळा, जनरेटरवाला वेगळा आणि तिघांची भेट थेट कार्यक्रमाच्या दिवशी होते.

कल्पना अशी निघाली की सगळं एकत्र करून मग मोठं करायचं, हेच बंद करा. प्रत्येक वाद्याला स्वतःचा चॅनल, स्वतःचे ॲम्प्लिफायर, स्वतःचे स्पीकर. एकूण ११ स्वतंत्र चॅनल. लीड गिटारचे स्पीकर फक्त लीड गिटार वाजवणार, ऱ्हिदम गिटारचे फक्त ऱ्हिदम, पियानोचे फक्त पियानो, गाण्याचे फक्त गाणं. ड्रमचेसुद्धा भाग पाडले, बेस ड्रम एका चॅनलवर आणि स्नेअर, टॉम, झांजा आणखी दोन चॅनलवर. फिल लेशच्या बेस गिटारचं तर पुढचं पाऊल, चार तारा आणि चारही तारांचे सिग्नल वेगवेगळे काढून प्रत्येक तारेला वेगळे स्पीकर देता यायचे. दोन तारा एकदम छेडल्या तरी त्यांचं मिश्रण कुठल्याच कागदावर होणार नाही.

आणि ही सगळी भिंत बँडच्या मागे. पुढे नाही, बाजूला नाही, मागे. म्हणजे वाजवणाऱ्याला ऐकू येतंय तेच पब्लिकला, वेगळे मॉनिटर नाहीत. गिटार-बेसचा व्हॉल्यूम वाजवणाऱ्याच्याच हातात.

पहिली मोठी चाचणी ९ फेब्रुवारी १९७३ ला स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीच्या मेपल्स पॅव्हिलियनमध्ये झाली आणि पहिल्याच गाण्याला ट्वीटर (वरच्या स्वरांचे छोटे स्पीकर) उडाले, सगळेच्या सगळे. तरी हे लोक मागे हटले नाहीत. वर्षभर एकेक भाग सुधारत गेले आणि २३ मार्च १९७४ ला सॅन फ्रान्सिस्कोला लागून असलेल्या डेली सिटीच्या काऊ पॅलेसमध्ये पूर्ण भिंत पहिल्यांदा उभी राहिली. सेटअप बदलत असायचा त्यामुळे आकडे थोडे मागेपुढे सापडतात, एक नेहमी दिला जाणारा हिशोब असा की ५८६ जेबीएलचे स्पीकर, ५४ इलेक्ट्रो-व्हॉइसचे ट्वीटर, आणि त्यांना चालवायला मॅकिन्टॉशचे एमसी २३०० जातीचे ४८ ॲम्प्लिफायर, प्रत्येकी ६०० वॅट, मिळून २८,८०० वॅट.

हा आकडा आजच्या मानाने काहीच नाही. आज गावच्या डीजेच्या गाडीवर, बॉक्सवर छापलेले वॅट खरे मानले तर, याच्या कितीतरी पट निघतील. पण ते ॲम्प्लिफायर त्यांच्या ताकदीच्या खूप खाली, आरामात चालवले जायचे, कारण एकेका स्पीकरच्या वाट्याला सरासरी पन्नास वॅटसुद्धा येत नाहीत. आराम हा शब्द साउंडच्या धंद्यात कुणी वापरत नाही पण स्वच्छ आवाजाचं बरंचसं गुपित त्यातच आहे, कागद जितका कमी हलेल तितका तो सरळ वागेल.

उभे खांबच का

भिंतीचा फोटो बघितला तर ती सरसकट भिंत नाहीये हे लगेच लक्षात येतं. त्यात वेगवेगळ्या उंचीचे खांब आहेत. एकाच मापाचे स्पीकर एकावर एक, उभ्या रेषेत. बेसचे खांब तर तीस फुटांच्या वर. गाण्याचा भाग मध्यभागी, उंचावर, आणि तो बाहेरच्या बाजूला गोलाई दिलेला म्हणजे आवाज बाजूंना पसरेल.

उभ्या रेषेत स्पीकर लावले की ते एकमेकांना वरच्या आणि खालच्या दिशेला मारतात आणि समोरच्या दिशेला साथ देतात. आवाज छताकडे वाया जात नाही, इनडोअर स्टेडियममध्ये छतावर आपटून परत येत नाही, आणि मुख्य म्हणजे काही अंतरापर्यंत तो गोलात पसरण्याऐवजी चकतीसारखा पसरतो, म्हणून अंतर दुप्पट झालं की ६ ऐवजी ३ डेसिबलच पडतो. मघाशी काढलेला २४ चा फरक तिथल्या तिथे १२ वर येतो. हे जादूसारखं वाटतं, पण त्याला हद्द आहे आणि ही हद्द न समजल्यामुळेच पुष्कळ गोंधळ होतात. ढोबळ हिशोब असा, खांबाच्या उंचीचा वर्ग गुणिले फ्रिक्वेन्सी, भागिले ध्वनीच्या वेगाची दुप्पट. १० मीटर उंच खांब घ्या. १००० हर्ट्झला ही हद्द साधारण १४५ मीटर निघते, १०० हर्ट्झला फक्त साडेचौदा मीटर. म्हणजे वरचे स्वर शेवटच्या रांगेपर्यंत ३ च्या हिशोबाने जातात आणि खालचे स्वर थोड्याच अंतरानंतर ६ च्या हिशोबाने गळायला लागतात. तुमचा खांब दोन मीटरचा असेल तर १००० हर्ट्झलाही हद्द सहा मीटरच्या आतच संपली. चार छोटे बॉक्स एकाखाली एक टांगून लाइन अरे (उभ्या रेषेतली स्पीकरची रांग) लावला म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून बघावा. उंची वर्गात जाते, म्हणून भिंत एवढी उंच होती.

दुसरी गोष्ट, खांबातल्या दोन स्पीकरमधलं अंतर. १५ इंची स्पीकर एकावर एक ठेवले की मध्यापासून मध्य साधारण ४० सेंटिमीटर. याची अर्धी तरंगलांबी जुळते ४३० हर्ट्झच्या आसपास. त्याच्या बऱ्याच वर गेलं की खांब एकसंध रेषेसारखा वागत नाही, भलत्याच दिशांना आवाजाच्या शिंगा फुटतात. म्हणून १५ इंची बेसला, १२ इंची मधल्या भागाला, ५ इंची वरच्या भागाला आणि त्याच्यावर ट्वीटर, असे मापामापाचे खांब. डीजेच्या भिंतीत नेमकं उलटं होतं, तोच सिग्नल आडव्या आणि उभ्या सगळ्या खोक्यांना, मधोमध जोरदार, बाजूला तुकडे तुकडे.

उंचीचा आणखी एक साधा फायदा आहे ज्याला काही गणित लागत नाही. स्पीकर कानाच्या उंचीला असेल तर पहिली रांग ५ मीटर आणि शेवटची ८०. तोच स्पीकर १० मीटर वर नेला तर पहिल्या रांगेपासूनचं तिरकं अंतर जवळजवळ १० मीटर होतं आणि शेवटच्या रांगेचं ८० चं ८०च राहतं. फरक २४ वरून १८ वर. फुकटात ६ डेसिबल. आणि भिंत तर बँडच्याही मागे होती, म्हणजे पहिली रांग आणखी लांब गेली.

आणि त्या दुसऱ्या दोषाचं काय, खड्ड्यांचं? प्रत्येक वाद्याचा उगम भिंतीत एकाच जागी असल्यामुळे तोच आवाज डावी-उजवीकडून दोनदा येण्याचा प्रश्नच बऱ्याच अंशी मिटला. गिटार इथून, पियानो तिथून, ते वेगळे सिग्नल, ते एकमेकांना खोडत नाहीत. उलट प्रत्येकाची दिशा वेगळी असल्यामुळे कानाला ते सुटे करायला मदत होते, गर्दीत चार लोक बोलत असताना आपण ओळखीचा आवाज बरोबर पकडतो तो याच गुणामुळे. मला या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट ही आहे.

माईकची युक्ती

आता ज्याने कधी माईक हातात धरलाय तो विचारणार, भिंत मागे, गाणारा पुढे, माईकचं तोंड भिंतीकडे, मग शिट्टी नाही का मारणार? मारणारच. त्यासाठी एकाच गुणाचे दोन कंडेन्सर माईक एकावर एक, ६० मिलिमीटर अंतराने लावले आणि एकाची फेज उलटी केली, म्हणजे त्याचा सिग्नल उलटा केला. गायचं फक्त वरच्यात. भिंतीचा आवाज लांबून येतो, दोन्ही माईकवर जवळपास सारखाच पोचतो, उलट फेजमुळे वजा होऊन जातो. गाणाऱ्याचे ओठ वरच्या माईकला चिकटलेले, समजा दोन सेंटिमीटरवर, तर खालचा माईक सहा सेंटिमीटरच्या पुढे, म्हणजे त्याच्यात आवाज १० डेसिबल कमी, वजाबाकी झाली तरी गाणं शिल्लक राहतं.

पण याची किंमत होती. तोंड जरा लांब गेलं की आवाज गायब, कारण मग दोन्ही माईकला सारखंच ऐकू येतं. खालच्या स्वरांत वजाबाकी जास्त होत असल्यामुळे गाण्याचा आवाज पातळ, थोडा नाकात आल्यासारखा लागायचा, त्या काळची रेकॉर्डिंग ऐकली की हे जाणवतं. बेस गिटार अशी की प्रत्येक तार वेगळी दिसावी आणि गाणं मात्र बारीक. माझ्या मते भिंतीचा सगळ्यात कच्चा दुवा हाच, आणि गंमत म्हणजे स्पीकर कितीही उत्तम केले तरी माईकवर घालवलेली गोष्ट पुढे कुठेच परत मिळत नाही.

सगळीकडे सारखं पोचलं का

स्वच्छतेच्या बाबतीत प्रश्नच नाही. ६०० फुटांपर्यंत उत्तम आणि पाव मैलापर्यंत, म्हणजे चारशे मीटर, ऐकण्यासारखा आवाज जायचा, त्याच्या पुढे वारा बिघडवायचा, असं नोंदलेलं आहे, आणि तेही एकही डिले टॉवर न लावता. वाऱ्याचं खरंच तसं असतं, वाऱ्याविरुद्ध जाणारा आवाज वरच्या दिशेला वाकतो आणि लोकांच्या डोक्यावरून निघून जातो.

पण सगळीकडे सारखं, याला मी अर्धेच मार्क देईन. भिंत स्टेजभर पसरलेली, लीड एका बाजूला, पियानो दुसऱ्या बाजूला, तर अगदी डाव्या टोकाला पुढे बसलेल्याला जवळचं वाद्य जास्त आणि लांबचं कमी ऐकू येणारच. मागे गेलं की हा फरक मिटतो, पुढे राहतो. मधल्या उंचावरच्या गाण्याला हा त्रास नाही, कारण ते मध्यात आहे. दुसरं, प्रत्येकाचा व्हॉल्यूम त्याच्याच हातात म्हटल्यावर समोर बसून संपूर्ण मिश्रण सांभाळणारा माणूस उरत नाही, मग सगळं वाजवणाऱ्यांच्या एकमेकांना ऐकण्यावर. या बँडला ती सवय होती म्हणून जमलं.

आणि मग वाहतूक. सगळं मिळून ७५ टन. चार सेमी-ट्रेलर, २१ माणसं. उभं करायला आणि उतरवायला इतका वेळ लागायचा की मचाणाचे एकापेक्षा जास्त संच ठेवावे लागले, एका गावात कार्यक्रम चालू असताना दुसरा संच पुढच्या गावात उभा राहतोय. त्यात ऑक्टोबर १९७३ च्या अरब तेलबंदीनंतर इंधन प्रचंड महागलेलं. तिकिटातून येणारा पैसा ट्रक, डिझेल आणि पगारात जायला लागला, माणसं थकली. १६ ते २० ऑक्टोबर १९७४ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये सलग पाच रात्री कार्यक्रम करून बँडने प्रवास थांबवला, आणि १९७६ ला परत दौऱ्यावर निघाले तेव्हा बरोबर भिंत नव्हती, नेहमीसारखी लहान सिस्टिम होती.

यातलं काय उरलं, काय वापरता येतं

उभ्या खांबाचं भौतिकशास्त्र उरलं. फ्रान्समध्ये क्रिस्टियन हाइल याने १९९२ मध्ये एल-अकूस्टिक्सची व्ही-डॉस्क सिस्टिम आणली, तिथपासून आजचे टांगलेले, खाली केळीच्या घडासारखे वाकलेले लाइन अरे सुरू झाले. त्याने मुख्यतः सोडवला तो वरच्या स्वरांचा प्रश्न, दोन ट्वीटर कितीही जवळ आणले तरी मधलं अंतर तरंगलांबीपेक्षा मोठं पडतं, म्हणून हॉर्नच्या तोंडाशी असा मार्ग बनवला की आवाज बाहेर पडताना सलग पट्टीसारखा पडेल. वाकवण्याचा हेतूही कव्हरेजचाच, वरचे बॉक्स लांबच्या लोकांकडे एकमेकांना चिकटून सरळ, खालचे जवळच्या लोकांकडे फाकवलेले. त्यामुळे हल्ली सेटअपची सुरुवात शेवटच्या रांगेपासून होते, किंवा व्हायला पाहिजे, आधी शेवटचा माणूस कुठे आहे ते मोजा, मग कोन ठरवा. आपल्याकडे अजूनही खूप ठिकाणी आधी बॉक्स उतरतात, ट्रस (टांगायचा धातूचा सांगाडा) जिथे आहे तिथे टांगले जातात, आणि खुर्च्या संध्याकाळी येतात.

एका वाद्याला एक स्पीकर ही गोष्ट मात्र मोठ्या सिस्टिममधून गेली, परवडतच नाही. पण तिचा गाभा लहान कार्यक्रमात आजही अगदी स्वस्तात वापरता येतो आणि मी आग्रहाने सांगेन की वापरा. पहिली सोय म्हणजे सबला (खालच्या स्वरांच्या स्पीकरला) मेन मिक्समधून सिग्नल देऊ नका, वेगळ्या ऑक्समधून (मिक्सरच्या स्वतंत्र आउटपुटमधून) द्या आणि त्या ऑक्सवर फक्त बेस ड्रम, बेस गिटार, ढोलकीची धुम, तबल्याचा डग्गा एवढंच पाठवा. गाण्याचे, निवेदकाचे, हार्मोनियमचे माईक सबमध्ये गेलेच नाहीत की स्टेजचा धप्प आवाज, माईक स्टँडला लागलेला पाय, वाऱ्याची फुरफुर, हे सगळं तिथेच थांबतं. वर गाण्याच्या चॅनलला १०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (खालचे स्वर कापणारा फिल्टर) लावा, बाईंचा आवाज असेल तर थोडा आणखी वर चालतो.

दुसरी सोय त्यांच्यासाठी ज्यांच्याकडे जुने बॉक्स पडून आहेत. भजन किंवा भावगीताचा कार्यक्रम, दोनशे-तीनशे माणसं, लांबट हॉल. गाण्यासाठी दोन टॉप (मुख्य स्पीकर बॉक्स) वेगळे, उंच स्टँडवर, शेवटच्या रांगेकडे तोंड करून, आणि तबला-हार्मोनियम-बासरीसाठी जुने दोन बॉक्स वेगळ्या ऑक्सवर, थोडे आत आणि खाली. कमी वॅटचे असले तरी चालतं. मग दोन्ही चालू करून मिक्सर सोडा आणि निवेदकाला बोलायला लावून हॉलभर फिरा, पहिल्या रांगेचं टोक, मधला भाग, खांबामागची जागा, शेवटचा दरवाजा, जिथे शब्दातला 'स' आणि 'त' तुटतोय तिथे थांबून टॉपचा कोन बदला, फेडरला (मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीला) हात लावू नका. हॉल भरला की माणसांच्या कपड्यांत वरचे स्वर शोषले जातात, तेव्हा पहिल्या गाण्यानंतर परत एकदा शेवटच्या दरवाजापर्यंत जाऊन या.